विषारी जमिनीची शुद्धी : आधी वाफ्यावर, मग शेतावर

नवे बी असो, नवे खत असो अथवा नवे औषध असो, ते शेतकऱ्याच्या हाती देण्यापूर्वी प्रथम संशोधन केंद्राच्या वाफ्यावर, नंतर निरनिराळ्या भागांतील प्रयोगक्षेत्रांवर आणि शेवटी खुद्द शेतकऱ्याच्या शेतावर पारखून पाहावयाचे, हा कृषि खात्याचा जुना शिरस्ता आहे. या शिरस्त्याला वेळ लागतो. त्याबद्दल खात्याला बोलही लावले जातात. परंतु ज्या वाणाची एका जिल्ह्यात वाहवा झाली तेच वाण दुसऱ्या जिल्ह्यात तांबेऱ्याला बळी पडले, असे ज्यांनी पाहिले आहे, त्यांस या सावधगिरीचे मोल वेगळे सांगावयास नको.

आता शेतकऱ्यापुढे आणि ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यापुढे एक निराळाच प्रश्न उभा राहिला आहे. कारखान्यांचा विषारी गाळ, रसायनमिश्रित सांडपाणी, तेलकट अवशेष यांनी काही ठिकाणच्या जमिनी व विहिरी बिघडल्या आहेत. त्या सुधारून देतो असे सांगणारे उपायही बाजारात येऊ लागले आहेत. कोणी जीवाणूंची भुकटी देतो, कोणी विष शोषून घेणारी वनस्पती सुचवितो, तर कोणी माती धुऊन किंवा भाजून देण्याची तयारी दाखवितो. यांतील काही उपाय खरोखरीच गुणकारी आहेत. तथापि पिकाच्या वाणाला आपण जी कसोटी लावतो, तीच कसोटी ह्या उपायांनाही लावली गेली पाहिजे, आणि ती ज्या मातीत काम करावयाचे त्याच मातीत लावली गेली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे पुढे देत आहे.

नुकसान किती खोलवर जाते

राजस्थानातील उदयपूरजवळच्या बिछडी गावाचे उदाहरण प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवण्याजोगे आहे. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तेथील रासायनिक कारखान्यांत ‘एच ॲसिड’ नावाचे रंगोद्योगात लागणारे रसायन तयार करण्यात आले. उत्पादन चारशे टनांहूनही कमी होते. त्यापासून निर्माण झालेला विषारी गाळ मात्र २,४०० टनांहून अधिक होता. तो उघड्यावर टाकण्यात आला, काही तर आसपास पसरून वर माती लोटण्यात आली. पावसाबरोबर विष भूजलात उतरले. विहिरींचे पाणी काळपट झाले आणि ते माणसांच्या, गुरांच्या व पिकांच्याही उपयोगाचे राहिले नाही. नागपूरच्या ‘नीरी’ ह्या राष्ट्रीय संस्थेने पाहणी केली, तेव्हा ३५० हेक्टर जमीन दूषित झाल्याचे आढळले.

फेब्रुवारी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ह्या प्रकरणात निर्णय दिला. ज्याने प्रदूषण केले त्यानेच शुद्धीचा खर्च सोसावा, हे तत्त्व त्या निर्णयाने आपल्या देशात दृढ झाले. खर्चाचा अंदाज ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये होता. पुढे कज्जेदलाली चालूच राहिली आणि जुलै २०११ मध्ये न्यायालयाला हीच रक्कम व्याजासह भरण्याविषयी पुन्हा आदेश द्यावा लागला. म्हणजे विष पसरण्यास एक-दोन वर्षे पुरली, आणि नुसती शुद्धीची रक्कम ठरून वसूल होण्याच्या वाटेवर दोन दशके गेली. इतक्या कष्टाने मिळणारा पैसा न पारखलेल्या उपायावर उधळला गेला तर त्या गावाने पुन्हा कोणाच्या तोंडाकडे पाहावे?

विष नाहीसे होणे आणि विष हलणे

ह्या विषयात सर्वांत प्रथम एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. तेल, डांबर व पुष्कळशी सेंद्रिय रसायने ही कर्ब, उद्‌जन इत्यादींची बनलेली असतात. योग्य जीवाणू, हवा, ओल व पोषणद्रव्ये मिळाली तर त्यांचे विघटन होऊन शेवटी कर्बवायू व पाणी उरते. दिल्लीच्या ‘टेरी’ संस्थेने केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साह्याने विकसित केलेले ‘ऑइलझॅपर’ हे जीवाणूमिश्रण ह्याच तत्त्वावर चालते, आणि तेल सांडलेल्या जमिनींवर त्याचा प्रत्यक्ष उपयोग झालेला आहे.

शिसे, कॅडमियम, पारा, क्रोमियम, आर्सेनिक ह्यांची गोष्ट वेगळी आहे. ही मूलद्रव्ये आहेत. कोणताही जीवाणू त्यांना खाऊन संपवू शकत नाही. ती एका जागेवरून दुसऱ्या जागी नेता येतात, किंवा कमी अपायकारक रूपात बांधून ठेवता येतात, एवढेच. म्हणून ‘आमची भुकटी टाका, जमिनीतील शिसे नाहीसे होईल’ असे कोणी म्हणू लागला, तर त्यास एकच प्रश्न विचारावा : ते जाते कोठे? ह्या प्रश्नाचे उत्तर ज्याच्यापाशी नाही, त्याचा उपाय गावात येऊ देऊ नये.

मोहरीचा धडा

ह्या बाबतीत आपल्या ओळखीच्या मोहरीचा अनुभव बोधप्रद आहे. मोहरी शिसे शोषून घेऊ शकते असे प्रयोगशाळांत दिसून आल्यावर, अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील ट्रेंटन येथे जुन्या बॅटरी कारखान्याच्या शिसेयुक्त जागेवर १९९७-९८ मध्ये तिची क्षेत्रचाचणी घेण्यात आली. मातीतील बहुतेक शिसे कणांना घट्ट चिकटलेले असते व पिकाला सहजी मिळत नाही. म्हणून ते सुटे करण्यासाठी ‘ईडीटीए’ हे रसायन मातीत घालण्याची पद्धत ह्या तंत्रात रूढ झाली. पुढील संशोधनात असे आढळले की, अशा रीतीने सुटे झालेले सर्व शिसे पीक उचलत नाही. उरलेले पाण्याबरोबर खाली झिरपून भूजलापर्यंत जाण्याचा धोका असतो.

आता कल्पना करा की, ह्या प्रयोगात फक्त वरच्या १५ सेंटिमीटर थराचे नमुने घेतले गेले. शिसे कमी झाल्याचा आकडा मिळेल, उपाय यशस्वी म्हणून जाहीर होईल, आणि शेजारच्या विहिरीत विष उतरत असल्याचे कोणाच्या गावीही नसेल. खोल नांगरट केल्यानेही असाच आभास निर्माण होतो. खालची चांगली माती वर मिसळली की आकडा उतरतो, परंतु शेतातील विष तेवढेच राहते. म्हणून केवळ वरच्या थरावरून निष्कर्ष काढणारी चाचणी ही चाचणीच नव्हे.

साधा हिशेब करून पाहावा

मोठ्या आश्वासनांची पारख पुष्कळदा साध्या त्रैराशिकानेही होते. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात ढोबळ मानाने २० लाख किलो माती असते. दर किलो मातीतील शिसे १०० मिलिग्रॅमने कमी करावयाचे, तर त्या हेक्टरातून २०० किलो शिसे बाहेर काढले पाहिजे. समजा, शोषक पिकाचे वाळलेले उत्पन्न हेक्टरी १० टन आले आणि त्यात दर किलोस १,००० मिलिग्रॅम इतके भरघोस शिसे उतरले. तरी एका पिकाने १० किलो शिसे निघेल. म्हणजे वीस पिके घ्यावी लागतील. वर्षाला दोन पिके धरली तरी दहा वर्षे झाली. ‘एका हंगामात जमीन शुद्ध’ असे सांगणाऱ्यापुढे हा हिशेब कागदावर मांडावा.

ह्याचा अर्थ वनस्पती निरुपयोगी आहेत असा मुळीच नाही. २००१ साली फ्लोरिडा विद्यापीठातील लेना मा व त्यांच्या सहकाऱ्यांनी नेच्याची एक जात आर्सेनिक मोठ्या प्रमाणात शोषून पानांत साठविते असे दाखविले. ही जात भारतातही आढळते. प्रयोगातील तिच्या वाळलेल्या पानांत दर किलोस २० ग्रॅमहूनही अधिक आर्सेनिक मिळाले. शोध खरोखरीच आश्चर्यकारक होता. तरीही प्रत्यक्ष दूषित जागेवर तिची लागवड केल्यावर दोन वर्षांत वरच्या थरातील आर्सेनिक दर किलोस सरासरी १९० मिलिग्रॅमवरून १४० वर आले. प्रयोगशाळेतील आकडा आणि क्षेत्रावरील आकडा ह्यांतील हे अंतर केवळ क्षेत्रचाचणीमुळेच कळू शकते. ते कळल्यावर शेतकरी निराश न होता योग्य तेवढ्या वर्षांची तयारी करू शकतो.

दुसऱ्याची माती, आपली माती

शिवाय फ्लोरिडाची वाळूसर माती म्हणजे विदर्भ-मराठवाड्याची काळी माती नव्हे. आपली काळी जमीन ओली झाली की फुगते व उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात. ह्या भेगांतून द्रवरूप विष थेट खालच्या थरात जाऊ शकते. ती बहुधा चुनखडीयुक्त व अल्कधर्मी असते. अशा जमिनीत शिसे व कॅडमियम बऱ्याच अंशी जखडले जातात, परंतु आर्सेनिक व षट्संयुजी क्रोमियम अधिक मोकळेपणाने हलतात. कोकणातील जांभ्या, आम्लधर्मी जमिनीत कॅडमियमसारखे धातू त्या मानाने अधिक सुटे राहतात. तेव्हा परदेशात, इतकेच काय, रत्नागिरीत यशस्वी झालेला उपाय परभणीत तसाच चालेल असे गृहीत धरता येत नाही. जो न्याय आपण भाताच्या व ज्वारीच्या वाणास लावतो, तोच येथे लावावयाचा.

विक्रेत्याने करावे, तिसऱ्याने मोजावे

क्षेत्रचाचणीची व्यवस्था कशी असावी ह्याचा एक चांगला आदर्श उपलब्ध आहे. अमेरिकेत घातक कचऱ्याच्या जागांच्या शुद्धीसाठी १९८० साली कायदा झाला. १९८६ साली त्यात दुरुस्ती होऊन, नवीन शुद्धीतंत्रांची प्रत्यक्ष जागेवर चाचणी घेण्याचा कार्यक्रम तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने सुरू केला. त्यातील मुख्य नियम असा की, तंत्राच्या मालकाने आपले यंत्र स्वखर्चाने आणून चालवावे, मात्र नमुने घेणे, त्यांचे पृथक्करण करणे व अहवाल लिहिणे हे काम शासकीय संस्थेने आपल्या खर्चाने करावे. जो विकतो त्यानेच गुण द्यावयाचे, ही पद्धत तेथे टाळण्यात आली. आपल्या गावातही बियाणे विकणाऱ्याच्या सांगण्यावरून आपण उगवणशक्तीचा दाखला मान्य करीत नाही. मग जमिनीच्या आरोग्याचा दाखला भुकटी विकणाऱ्याकडून का घ्यावा?

आपल्या देशातील टप्प्याटप्प्याच्या चाचणीचे उदाहरण अलीकडचेच आहे. भोपाळच्या १९८४ सालच्या वायुदुर्घटनेनंतर त्या कारखान्यात पडून राहिलेल्या घातक कचऱ्यापैकी १० टन कचरा २०१५ साली मध्य प्रदेशातील पीथमपूर येथील भट्टीत चाचणी म्हणून जाळण्यात आला. जानेवारी २०२५ मध्ये उरलेला ३३७ टन कचरा तेथे हलविण्यात आला, तेव्हा स्थानिक लोकांनी तीव्र विरोध केला. त्यानंतर उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली प्रत्येकी १० टनांच्या तीन चाचण्या झाल्या. पहिलीत ताशी १३५ किलो, दुसरीत १८० किलो व तिसरीत २७० किलो कचरा भट्टीत घातला गेला. ह्यानंतरच उरलेला कचरा जाळण्याचे काम सुरू झाले व ते जून २०२५ अखेर पूर्ण झाले.

ह्यावरून तीन गोष्टी शिकता येतात. थोड्यापासून वाढवीत जाणे ही पद्धत योग्य आहे. दुसरे म्हणजे, शेजाऱ्यांना आधी समजावून न घेता आणलेला चांगला उपायही संशयाच्या भोवऱ्यात सापडतो. आणि तिसरे असे की, शुद्धीनंतरही काही उरतेच : चुना वगैरे मिसळल्यामुळे राख व इतर अवशेष मिळून आठशे टनांहून अधिक माल सुरक्षितपणे पुरण्याचा प्रश्न राहिला. कारखान्याच्या आवारातील मातीचा व भूजलाचा प्रश्न तर निराळाच आहे.

‘तोवर लोकांनी विषच प्यावे काय?’

चाचणीचा आग्रह धरला की एक आक्षेप हमखास घेतला जातो. लोक आज दूषित पाणी पीत आहेत आणि तुम्ही वाफे आखीत बसणार, असे विचारले जाते. आक्षेप कळकळीचा आहे व त्याचे उत्तर दिलेच पाहिजे. ज्या गोष्टींना कोणत्याही चाचणीची आवश्यकता नाही, त्या त्याच दिवशी कराव्यात. विष येण्याचा मार्ग बंद करणे, पिण्याच्या पाण्याची दुसरी सोय करणे, गाळाच्या जागेस कुंपण घालून गुरे व मुले दूर ठेवणे, पावसाचे पाणी त्यावरून वाहू नये म्हणून चर खोदणे, त्या जमिनीत भाजीपाला व वैरण न घेणे, ह्यासाठी कोणाच्याही अहवालाची वाट पाहू नये. चाचणी लागते ती पुढच्या पायरीला, म्हणजे जमीन कायमची सुधारण्याच्या उपायाला. ह्या दोन कामांची गल्लत केल्यामुळेच कधी तातडीचे काम रेंगाळते, तर कधी सावकाशीचे काम घाईने बिघडते.

चाचणीत काय पाहावे

आपल्या क्षेत्रात असा उपाय योजला जात असेल, तर कार्यकर्त्याने पुढील गोष्टींविषयी आग्रह धरावा.

१. प्रारंभी लहान क्षेत्र घ्यावे, आणि उपाय केलेल्या वाफ्यांशेजारी उपाय न केलेले तुलनेचे वाफे ठेवावेत. उन्हाने, हवेने व मातीतील मूळच्या जीवाणूंमुळेही काही रसायने आपोआप घटतात. तुलनेचा वाफा नसेल तर निसर्गाच्या कामाचे श्रेय भुकटीस मिळते.

२. प्रत्येक प्रकारचे किमान तीन वाफे असावेत. विषारी गाळ शेतात सारखा पसरलेला नसतो, म्हणून एकाच वाफ्यावरून केलेले अनुमान फसवे ठरते.

३. नमुने ० ते १५, १५ ते ३०, ३० ते ६० व ६० ते ९० सेंटिमीटर अशा थरांतून घ्यावेत. जवळच्या विहिरीचे पाणीही वेळोवेळी तपासावे.

४. चाचणी किमान एक पावसाळा व एक उन्हाळा पाहिलेली असावी.

५. किती शुद्धी झाली म्हणजे काम पुरे, तो आकडा आधी लेखी ठरवावा. बाण मारून मग त्याभोवती वर्तुळ काढण्यात अर्थ नाही.

६. शोषक पिकाचा पाला, धुतलेल्या मातीचा गाळ, भट्टीची राख ह्यांचे शेवटी काय करणार, ते आधी विचारावे. असा पाला गुरांना घालू नये, कंपोस्टात टाकू नये, चुलीतही जाळू नये.

७. ज्याचे शेत चाचणीसाठी घेतले त्यास त्या काळातील पिकाची भरपाई मिळावी. चाचणीचा निकाल, मग तो अपयशाचा असला तरी, ग्रामसभेत वाचून दाखवावा.

येथे एक सूचना विशेष महत्त्वाची आहे. २०१५ पासून दिल्या जाणाऱ्या जमीन आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, मुख्य व सूक्ष्म अन्नद्रव्ये अशा बारा बाबी असतात. त्यांत शिसे, कॅडमियम, क्रोमियम, आर्सेनिक वा पारा यांचा समावेश नाही. म्हणून पत्रिका चांगली आली ह्याचा अर्थ जमीन निर्विष आहे असा होत नाही. संशय असल्यास त्या विशिष्ट पदार्थाचे नाव सांगून स्वतंत्र तपासणी करवून घ्यावी. नमुना घेताना जस्त चढविलेली किंवा गंजलेली अवजारे वापरू नयेत. प्रत्यक्ष गाळाला मात्र उघड्या हाताने स्पर्श करू नये. ते काम प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या माणसांवर सोपवावे.

झाकून ठेवण्यात हित नाही

शेवटी शेतकरी बंधूंस एक विनंती. आपल्या जमिनीत विष आहे असे बाहेर समजले तर तिची किंमत पडेल, माल कोणी घेणार नाही, ह्या भीतीने पुष्कळ जण गप्प बसतात. रात्री येऊन टँकर ओतून जाणाऱ्याचे ह्या मौनामुळेच फावते. भीती खोटी आहे असे मी म्हणत नाही. परंतु न नोंदविलेल्या नुकसानीची भरपाई कोणतेही न्यायालय देऊ शकत नाही, आणि झाकलेले विष दर पावसाळ्यात एक बांध पुढे सरकते.

जुलै २०२५ मध्ये केंद्र शासनाने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले आहेत. त्यांनुसार संशयित जागांची माहिती जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी द्यावयाची आहे, आणि प्राथमिक तपासणी नव्वद दिवसांत व्हावयाची आहे. जिल्ह्याची ही यादी गावातूनच तयार होणार. ज्या गावाने गट क्रमांक, विहिरीच्या पाण्याचा रंग व वास कधी बदलला, गुरे कधी आजारी पडली, कोणते पीक कोठे जळाले ह्याची तारीखवार नोंद ठेवली आहे, त्या गावाची बाजू आपोआप भक्कम होते. ही नोंदवही ठेवण्यास शासकीय अनुदान लागत नाही. आपल्या क्षेत्रात अशी एखादी जागा असल्यास कार्यकर्त्यांनी ती ह्याच आठवड्यात सुरू करावी, आणि तिची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी.